वाळूने शेवटचं ऊन पाहिलं तो दिवस

आता हे मी सांगणार आणि तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही. हवी तर पैज लावा. देवमाशाच्या पाठीवर मी होडी सुकत घातली होती, ते तुम्ही ऐकून घेतलंत. शहरातून आलेल्या साहेबाला एकच सुरमई तीन वेळा विकली, तेही पचवलंत. त्या दोन्ही गोष्टी साफ खोट्या होत्या, एवढं आज कबूल करतो. ही मात्र खरी आहे, आणि म्हणूनच ती कुणाला पटायची नाही.

अशी मी सुरुवात केली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. बर्फाच्या कारखान्यात लाइट नव्हती, बर्फ फोडायचं यंत्र बंद होतं, आणि आम्ही चौघं पडवीत खोळंबलो होतो. कारखाना चालवणारा प्रथमेश बाकड्यावर आडवा झालेला. मासे विकणारी रेश्मा रिकाम्या टोपल्या घेऊन खांबाला टेकलेली. आणि माझ्यासमोर तन्वी, लवू खवणेकरची मुलगी. ती शहरातून रात्रभर प्रवास करून खास माझ्यासाठी आली होती.

लवू तीन वर्षं जिल्ह्याच्या तुरुंगात आहे. एकोणीस वर्षांची शिक्षा, म्हणजे अजून सोळा उरली, आणि वय सत्तर. सोमवारी अपिलाची शेवटची तारीख. वकिलाने तन्वीला सांगितलं होतं, एकच माणूस आण, जो शपथेवर सांगेल की तुझ्या बापाच्या आधी गावच्या, आडवेळच्या पुळणीवरून कुणीतरी वाळू उचलली होती. त्या वेळचं बघितलेले आता गावात उरलेत किती? तिने मोबाइल चालू करून माझ्यासमोर पेटीवर ठेवला.

"दिगूकाका, जसं झालं तसं सांगा. मीठमसाला नको."

"मीठमसाल्याशिवाय मासा कोण खातो गो?"

"हा मासा वकील खाणार आहे."

रेश्माने तोंड फिरवलं. लवूच्या माणसांशी ती नऊ वर्षं बोललेली नाही. एकेचाळीसच्या वादळात गेलेल्या एकोणीस जणांत तिचा मुलगा होता, प्रसाद. आणि लवूची बायकोही होती, पण ते रेश्माच्या हिशेबात कधी आलं नाही.

मी सांगायला लागलो.

आधी जावयाची ओळख करून देतो. दोन हजार सेहेचाळीस साली पुळण जबाबदारी कायदा आला आणि त्याच्या मागून ते यंत्र आलं. सरकारी नाव सिकतालेख. आपल्या गावाने त्याचं नाव जावई ठेवलं. येतो, बसायला खुर्ची मागतो, भिंतींवरून नजर फिरवतो आणि प्रत्येक घरात खोट काढतो.

आता ते खोट काढतं कसं, ते ऐका. वाळूचा कण म्हणजे गारगोटीचा चुरा. दिसायला भरीव, पण आत त्याला बारीक बारीक खळगे असतात. मातीतून, दगडातून, आकाशातून थोडा किरणोत्सर्ग सगळीकडे सतत चालू असतो, तुमच्या-माझ्या अंगातूनसुद्धा. त्याच्या धक्क्याने कणातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि त्या खळग्यांत अडकून बसतात. कण जितके दिवस अंधारात, तितके जास्त अडकलेले. ऊन लागलं की सगळे निसटतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. भिंतीला गिलावा केला की वाळू अंधारात गेली, मोजणी सुरू झाली. जावई येतो, लाल दिव्याचा तंबू लावतो, भिंतीला बोटभर भोक पाडून चिमूटभर वाळू काढतो आणि तिच्यावर निळा प्रकाश टाकतो. अडकलेलं सगळं सुटतं, कण चमकतो. जितका चमकला, तितके दिवस अंधारात. पूर्वी हे जुन्या मडक्यांचं वय काढायला वापरायचे, तेव्हा शंभर वर्षं इकडे तिकडे झाली तरी कुणाचं बिघडत नसे. आता ते पंधरवड्यापर्यंत येऊन ठेपलंय. आणि शिंपल्यांचा चुरा किती, काळे लोखंडी कण किती, यावरून वाळू कुठल्या पुळणीची तेही कळतं.

म्हणजे जावई दोनच गोष्टी सांगतो. ही वाळू कुठली, आणि हिने शेवटचं ऊन कधी पाहिलं.

"मी हेच काम करते, काका," तन्वी म्हणाली. "प्रयोगशाळेत."

"तुला नाही सांगत, या प्रथमेशला सांगतोय. त्याला वाटतं आत माणूस बसलेला असतो."

"माका काय पण वाटाना," प्रथमेश पडल्या पडल्या म्हणाला.

बरं. आपल्या पुळणीच्या मागे वाळूचं टेकाड होतं, दोन पुरुष उंच. त्याच्यावर मर्यादवेल. जांभळी फुलं यायची, तोच. त्या वेलाने टेकाड बांधून धरलेलं. वेल आहे तोवर वारा वाळू आणून टाकतो आणि टेकाड वाढतं. वेल एका जागी तुटला की तोच वारा तिथून आत शिरतो आणि टेकाड पोखरायला लागतो. हातभर रुंद भगदाड चार वर्षांत डंपर जाईल एवढं होतं. म्हणून कायद्यात ते कलम आलं. ज्याने पहिली पाटी उचलली, पुढच्या सगळ्याला तो जबाबदार, मेलेल्या माणसांसकट. मागून घेणाऱ्यांनी बारा रविवार पुळणीवर जाऊन वेल लावायचे. मीही लावले. माझे जगले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आता लवू. खवणेकरांकडे पुळणीचा मान. होडी उतरवायची असो, रापण ओढायची असो, पहिला हात त्यांचा. सदतीस सालच्या कार्तिकात गावाची सभा झाली. नदीची वाळू मिळेनाशी झाली होती, सगळ्यांची बांधकामं अडलेली, मग ठरलं की ज्याला हवी त्याने आपल्या घरापुरती पुळणीची घ्यावी. आणि लवूने नारळ घेतला. सगळा गाव टेकाडापाशी जमला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. बा म्हाराजा, गाव एक होऊन तुझ्या आंगाक हात लावता, चुकलां माकलां तां सगळां माझ्या माथ्यार घाल, लेकरांच्या माथ्यार घालू नको. आम्ही सगळे ओरडलो, होय म्हाराजा. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो.

"त्या होयचां काय झालां मगे?" रेश्मा खांबाकडे बघत म्हणाली.

मी ते ऐकलं नाही असं केलं.

रीतीप्रमाणे लवूने पहिली पाटी उचलली आणि त्याच दिवशी आपल्या नव्या उंबरठ्याखाली घातली. मग बाकीच्यांनी नेली. कुणी हातगाडीने, कुणी टेंपोने. पहिल्या आठवड्यात आपल्या घरापुरती, दुसऱ्या आठवड्यात मेव्हण्याच्या घरापुरती. मेव्हणे किती निघाले गावाला, देवाला ठाऊक.

एकेचाळीसच्या जूनमधलं वादळ तुम्हाला सांगायला नको. दर वेळी मी सांगतो की लाट माडाच्या शेंड्यावरून गेली. तशी नाही गेली. लाट कमरेएवढीच होती. पण ती टेकाडाच्या भगदाडातून सरळ खालच्या वाडीत आली, आणि आत आली ती बाहेर जायला वाट मिळेना. पहाटे माणसं झोपलेली. एकोणीस.

तन्वी तेव्हा शिकायला बाहेर होती, म्हणून वाचली.

सत्तेचाळीस साली जावई आला. गावातली एकूण एक भिंत तपासली. लवूच्या उंबरठ्याला भोक पाडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. यंत्राच्या पडद्यावर आलं, आडवेळ पुळण, नोव्हेंबर सदतीस. तपासणारी पोरगी चांगली होती, चाचरत म्हणाली, "आजोबा, ही सगळ्यांत जुनी आहे." लवू म्हणाला, "असणारच. मान आमचा." मी त्याच्या पायावर पाय दिला, गप बस म्हणून. तो मलाच म्हणाला, "पाय काढ रे, उंबरठ्यावर उभा आहेस."

माझ्या घरी एप्रिल अडतीस निघालं. पाच महिने उशिरा. बाकी सगळ्यांची सदतीसच्या डिसेंबरातली, जानेवारीतली.

न्यायाधिकरणात लवूला विचारलं, तुमच्या आधी कुणी घेतली होती का? त्याने एक नाव घेतलं असतं, कुणाचंही, तर खटला दोन वर्षं लांबला असता. तो म्हणाला, मी देवासमोर बोललो की चुकलं ते माझ्या माथी. आता तुमच्यासमोर वेगळं कसं बोलू? अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्यांना असा आरोपी मिळाला नसावा. रेश्माने साक्ष दिली की नारळ लवूने फोडला. ते खरंच होतं. माणसामागे एक वर्ष, एकोणीस वर्षं.

मग घर. कायद्यात परतफेड आहे. पहिली पाटी ज्या घरात, ते घर फोडायचं, दळायचं आणि पुळणीवर नेऊन ओतायचं. दोन दिवस दळण चाललं. दाराच्या चौकटी, कपाट, देवांचा पाट आम्ही आधी बाहेर काढून ठेवले. जे दळून निघालं त्याला वाळू म्हणायचं कसं? करडी भुकटी. सिमेंट, रंग, विटा, सगळं त्यात. ओतली त्याच भरतीला समुद्राने ती ओढून नेली आणि आठवडाभर किनाऱ्याचं पाणी दुधासारखं गढूळ दिसत होतं. कालवं मेली. तन्वी, तू तेव्हा तिथे उभी होतीस. मी तुला छत्री दिली होती.

"दिली होतीत," ती म्हणाली. "पुढे."

पुढे मी दोनदा लवूला भेटायला गेलो. पहिल्यांदा नुसते बसलो. दुसऱ्यांदा, मागच्या दिवाळीत, तो खूप खोकत होता. काचेपलीकडून म्हणाला, "दिगू, एक विचारू? मी पाटी उचलायला वाकलो ना, तेव्हा तिथला वेल आधीच कापलेला होता. कोयतीने कापावा तसा, सरळ. त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी जागा करून ठेवली. आता इथे रात्र जात नाही, तर तोच वेल दिसतो. तुला काही ठाऊक आहे?"

"तुम्ही काय म्हणालात?" तन्वीने विचारलं.

मी म्हणालो, कासवांनी खाल्ला असेल.

"कासवं मर्यादवेल खातत?" प्रथमेश उठून बसला.

"आडवेळची खातात."

"काका," तन्वी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "बाबांनी मलाही हे सांगितलंय. म्हणूनच मी आले. वेल कापलेला होता, म्हणजे कुणीतरी आधी आलं होतं. तुमचं घर पुळणीला लागून. तुम्हाला दिसलं असणार. परवा डॉक्टर म्हणाले, पावसाळा काढतील असं वाटत नाही. मला गुन्हेगार नकोय. मला नुसतं एवढं हवंय की ते घरी यावेत. घर नाही, तर माझ्या खोलीवर."

आता बघा, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी नाही बसलो. मी म्हटलं, सांगतो. मोबाइल जवळ घे.

सदतीसच्या मे महिन्यातली गोष्ट. मी आपल्या ओट्यावर बसलो होतो. दुपार टळलेली. समुद्रावर धुकं. मेमध्ये धुकं कुठून आलं ते मला विचारू नका. आणि त्या धुक्यातून एक बार्ज आली. एवढी लांब, की नाक पुळणीला लागलं तरी शेपूट बंदराबाहेर. झेंडा कुठला ते कळेना, माणसं बोलत होती ती भाषा मी आजपर्यंत ऐकली नाही. तिच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखा पाइप निघाला. चार जण कोयत्या घेऊन उतरले, वेल सपासप कापला आणि पाइप टेकाडाला लावला. डोळ्यांची पापणी लवेपर्यंत टेकाडाचा घास घेतला, आणि बार्ज धुक्यात परत. मी धावत गेलो तर वाळूवर नुसत्या खुणा. भरती आली, त्याही गेल्या. ती पहिली पाटी. लवूची नाही, गावातल्या कुणाचीच नाही. हे मी सोमवारी शपथेवर सांगतो. लिहून घे.

तन्वी माझ्याकडे बघत राहिली. तिला विश्वास ठेवायचा होता, हे मला दिसत होतं.

"वकील विचारतील," शेवटी ती म्हणाली, "सत्तेचाळीस साली तुम्ही हे का नाही सांगितलं?"

"माझ्यावर कोण विश्वास ठेवतो?"

"आणि विचारतील, मेमधल्या भर उन्हात तुम्ही ओट्यावर काय करत होतात?"

"घराचं चाललं होतं ना. पाहुण्यांसाठी त्या दोन खोल्या. पायाचं काम, चिरे येऊन पडलेले. मी लक्ष ठेवून होतो. बांधकाम म्हणजे लक्ष ठेवावं लागतं. विचार या प्रथमेशला, कुणाच्या भिंती उभ्या आहेत आज?"

"तां खरां," प्रथमेश म्हणाला. "आमच्या बापाशीन नारळ फुटलो त्याच म्हयन्यात गिलावो केल्यान. दुसऱ्या पावसाक मिठाचो लोणो लागलो. आता हात लावलो की पापड सुटता. सगळ्या गावात तशाच भिंती. काकांची भिंत म्हणजे आरसो."

"आरसाच," मी म्हणालो. "तेरा पावसाळे झाले, एक पोपडा सुटला असेल तर दाखव. खाऱ्या वाळूचं काम आहे, पण लोणा नावाला नाही. हाताला गुण असावा लागतो."

रेश्मा इतका वेळ खांबाकडे तोंड करून होती. आता ती वळली.

"भावजी, समुद्राच्या वाळूक लोणो लागाना कसो?"

"धुतली. गोड्या पाण्याने."

"खंयच्या?"

"विहिरीच्या. एप्रिलात वाळू आणली, अंगणात धुतली, सुकवली, लगेच गिलावा."

"अडतीसच्या एप्रिलात?" रेश्मा म्हणाली. "त्या साली होळीपासून विहिरी आटलेल्यो. टँकर दोन दिवसांनी येय. तुमची बायको मालती माझ्या फुडे हंडो घेवन रांगेत उभी. प्यायच्या पाण्यासाठी भांडलेली माझ्याशी. आणि तुमी तीन ब्रास वाळू धुतलास?"

प्रथमेश हसला आणि एकदम थांबला, कारण दुसरं कुणी हसलं नव्हतं.

"एक रसायन होतं," मी म्हणालो. "जर्मनीचं. डब्यातलं. ते टाकलं की मीठ—"

"माझो बापूस गवंडी होतो, भावजी," रेश्मा म्हणाली. "समुद्राची वाळू वापरूची तर एकच रीत. पावसाच्या आदी काढायची, अंगणात ढीग घालायचो, सगळो पावसाळो भिजू द्यायची. मीठ उतारता. मगे हिवाळ्यात-उन्हाळ्यात पसरून, सुकवन, चाळून भिंतीक लावायची. हौशी म्हाताऱ्यांका सोडून ती रीत कोण पाळीत नाय. नारळ फुटल्यार सगळ्यांका घाई. तुमी एकट्यानीच पाळलास."

तन्वी उठून उभी राहिली. ती बोलायला लागली ती माझ्याशी नाही, स्वतःशीच, एखादं गणित सोडवावं तशी.

"वाळू उन्हात पसरली की मोजणी शून्यावर येते. यंत्र काढलेला दिवस सांगत नाही. सुकवलेला दिवस सांगतं. एप्रिल अडतीस म्हणजे सुकवली तेव्हा. त्याच्या आधी एक पावसाळा भिजली. म्हणजे काढली..."

"मे म्हयन्यात," रेश्मा म्हणाली. "सदतीसच्या. नारळाच्या आदी सा म्हयने. ह्येंच्याच तोंडान मे म्हयनो इलो मगाशी."

लाइट आली. आत बर्फ फोडायचं यंत्र घरघरायला लागलं. प्रथमेश उठला नाही. मी म्हणालो की बार्जचा रंग मला अजून आठवतो, खालून लाल, वर काळी, आणि तिच्यावर एक कुत्रा होता, तीन पायांचा.

रेश्माने टोपल्या बाजूला सारल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने लवूच्या मुलीचा हात धरला, आणि यंत्राच्या आवाजावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला म्हणाली,

"खोटां बोलतास भावजी. बार्ज नाय, कुत्रो नाय. कोयती तुमची."